पाण्याच्या सल्ल्याची फी

ब्लॉगचा फोन आमच्या घरी फ्रिजवर असायचा. साधा बटणांचा फोन, आणि त्याचा नंबर ब्लॉगच्या प्रत्येक लेखाखाली ठळक अक्षरात दिलेला: घरातल्या पाण्याच्या साठवणीबद्दल सल्ला हवा असेल तर फोन करा. फ्रिजवर ठेवण्यामागं काही शास्त्र नव्हतं. तिथं रेंज बरी यायची आणि माझ्या मुलीचा हात तिथवर पोहोचत नव्हता, एवढंच. आता तो फोन नाही. लोक ऑनलाइन वेळ घेतात, पैसे आधी भरतात, ठरलेल्या वेळी कॅमेऱ्यासमोर येऊन हौदाचा नकाशा दाखवतात आणि वेळ संपली की थँक्यू म्हणून निघून जातात. सगळं कसं शिस्तीत चालतं. मला मात्र फ्रिजवरच्या त्या फोनची फार आठवण येते, आणि त्याहून जास्त, तो माझ्या आधी धावत जाऊन उचलणाऱ्या माझ्या सासूबाईंची.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यातून एकदा येतं, कधी त्याहून उशिरा, आणि कुठल्या वेळेला येईल हे व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला ठाऊक. बाहेरगावचे पाहुणे हे ऐकून हळहळतात. आम्हाला त्यात हळहळण्यासारखं काही वाटत नाही, आम्ही त्यावर घरं बांधतो. जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी, मोरीत ड्रम, स्वयंपाकघरात पिंप, आणि इतकं करून पाण्याच्या दिवशी कुणी जेवायला बोलावलं तर सरळ नाही म्हणायचं. घर भाड्यानं घ्यायला गेलेला माणूस खोल्या किती हे नंतर विचारतो, आधी हौद केवढा ते विचारतो. मुलीसाठी स्थळ बघायला गेलेल्या एका मामांना मी अंगणातल्या हौदाचं झाकण उचलून आत डोकावताना स्वतः पाहिलेलं आहे. स्थळ त्यांनी पसंत केलं.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला आणि एका बिल्डरच्या ऑफिसात नकाशे काढायचे. मुलगी झाली आणि नोकरी सुटली. घरात बसून डोकं भणभणायला लागलं, तेव्हा ब्लॉग सुरू केला. विषय शोधावा लागला नाही. चिकलठाण्याच्या बाजूला आमची कॉलनी, आणि कॉलनीतल्या बायका मला एकच गोष्ट विचारायच्या, की तुमच्या हौदातल्या पाण्याला शेवटच्या दिवसापर्यंत वास कसा येत नाही. कारण सोपं होतं. सासऱ्यांनी हौद बांधताना मधोमध एक भिंत घातली होती. एका कप्प्यातलं पाणी वापरायचं, दुसऱ्यातलं झाकून ठेवायचं, आणि रिकामा झालेला कप्पा पाणी यायच्या आधी घासून काढायचा. मी ते वहीच्या पानावर पेन्सिलीनं काढलं, फोटो घेतला आणि चार परिच्छेद मराठीत लिहून टाकले. ब्लॉगच्या नावात शहराचं नाव घातलं नव्हतं, ते बरंच झालं. पुढं शहराचं नाव बदललं तेव्हा माझा पाटी बदलायचा त्रास वाचला.

लोक वाचायला लागले, याचं मला तेव्हा इतकं अप्रूप वाटायचं की खाली आलेली प्रत्येक कॉमेंट मी भाजी फोडणीला टाकता टाकता सासूबाईंना वाचून दाखवायचे. ताई, आमच्या टाकीत शेवाळ होतं. ताई, आमचा हौद गळतो की पाणी कुणी चोरतं, हे कसं ओळखायचं. सासूबाई भाकरी थापता थापता ऐकायच्या आणि माझ्या आधी उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या. मी ते हसण्यावारी न्यायचे. ते दिवस मला अजून लख्ख आठवतात, कारण त्या ब्लॉगातून तेव्हा काहीच मिळवायचं नव्हतं.

मग नवऱ्याच्या कंपनीनं काम पुण्याकडं हलवायचं ठरवलं. चिकलठाण्यातल्या त्या कारखान्यात त्याचं सगळं तारुण्य गेलेलं. त्याला सांगण्यात आलं, की उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत पुण्याला या, नाहीतर दुसरं बघा. दुसरं होतंही. शेंद्र्याच्या नव्या औद्योगिक वसाहतीत एका ओळखीच्या माणसाकडं नोकरी मिळत होती, पण पगार बराच कमी. आम्ही नुकतंच कर्ज काढून वरचा मजला चढवला होता. त्या पगारात हप्ता भरून घर चाललं नसतं. नवरा म्हणाला, घर भाड्यानं देऊ आणि सगळे पुण्याला जाऊ. सासूबाई तिथंच बसल्या होत्या. त्या उठून अंगणात गेल्या आणि वाळत घातलेल्या, अजून ओल्याच असलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या.

सासऱ्यांनी हे घर बांधलं तेव्हा विटा भिजवायला लागणारं पाणी त्यांनी स्वतः डोक्यावरून आणलेलं. सासरे त्याच घरात गेले. हे घर सोडून सासूबाई कधी मुलीकडंही दोन रात्रींच्या वर राहिल्या नव्हत्या. मला ते ओल्या कपड्यांचं बघवलं नाही. मी तशी तापट आहे आणि तापट माणसं न विचार करता आकडे बोलतात. मी नवऱ्याला म्हटलं, शेंद्र्याच्या पगारात जेवढं कमी पडतंय तेवढं ब्लॉगमधून आणून दाखवते, उन्हाळा संपेपर्यंत थांब. तो थांबायला तयार झाला. मला वाटतं त्यालाही जायचं नव्हतं, फक्त कुणीतरी हट्ट करायला हवा होता.

जाहिरातींचे पैसे म्हणजे चेष्टा होती. त्यात महिन्याची भाजी आली असती, तीही कोथिंबीर न घेता. म्हणून मी सल्ल्याची फी ठेवली. फोनवर सल्ला हवा असेल तर एवढे, घरी येऊन जागा बघून नकाशा काढून द्यायचा तर एवढे. ब्लॉगवर तसं पान तयार केलं, तेव्हा मला घाम फुटला होता. आमच्याकडं सल्ल्याला चहा मिळतो. फार चांगला सल्ला असेल तर पोहे मिळतात, आणि संसार वाचवला असेल तर निघताना पिशवीत वांगी घालून देतात. पैसे कुणी देत नाही, कारण कुणी मागत नाही. लोक फोन करायचे आणि सुरुवातीलाच म्हणायचे, ताई, फक्त एक विचारायचं होतं. त्या एकाची शेपूट मारुतीच्या शेपटीसारखी वाढत जायची, आणि फीचा विषय काढला की, बरं ताई, यांना विचारून सांगते. ते यांना विचारणं कधी संपत नसे.

तरी काही कामं मिळाली, आणि त्या कामांच्या आठवणी मी अजून चघळते. स्कूटी काढायची, डिकीत टेप, पेन्सिल आणि टॉर्च टाकायची आणि निघायचं. पडेगावला एका गृहस्थांनी नवा बंगला बांधला होता आणि त्याखाली एवढा मोठा हौद केला होता की त्यात लग्नाची पंगत बसली असती. नळाला येणारं पाणी त्याच्या तळाला जेमतेम पाय भिजतील इतकं साठायचं. पण आलेल्या पाहुण्यांना हौद दाखवायची त्यांना सवय लागली होती, आणि रिकामा हौद दाखवायला लाज वाटायची. म्हणून ते टँकर मागवून तो भरून ठेवायचे. मग ते पाणी वापरून संपायचं नाही आणि सडायचं. मी सांगितलं, मधे भिंत घाला आणि एक बाजू विसरून जा. त्यांना ते पटलं, पण भिंत घातल्यावर हौद लहान दिसेल का, हे त्यांनी मला निघताना दोनदा विचारलं.

शेंद्र्याला एक कुटुंब होतं. त्यांची काही जमीन वसाहतीत गेली आणि आलेल्या पैशांतून त्यांनी घर बांधलं. कुणीतरी सांगितलं की पाणी ईशान्येलाच पाहिजे. ईशान्येला नेमका दिवाणखाना आलेला. म्हणून हौद दिवाणखान्याखाली आणि झाकण सोफ्याखाली. पाण्याचा दिवस आला की आधी सोफा सरकवायचा, गालिचा गुंडाळायचा, बसलेल्या पाहुण्यांना उभं करायचं आणि पाइप आत सोडायचा. घरच्या आजोबांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सुनेला मात्र वाटत होतं, आणि मला फोन तिनंच केला होता. वास्तू न हलवता झाकण बाहेरच्या ओट्यावर कसं काढता येईल याचा नकाशा मी तिथंच बसून काढला. फी तिनं स्वतःच्या पाकिटातून दिली, आणि आजोबांनी वर मला तुरीची डाळ दिली. ती डाळ घेऊन घरी येताना मी जालना रोडवर मोठमोठ्यानं गाणी म्हटली होती. कुणी ऐकलं असेल तर ऐकू दे.

मी अशी बाहेर गेले की फोन घरी फ्रिजवर राहायचा. स्वतःच्या मोबाइलवर लोकांचे फोन घ्यायची माझी तयारी नव्हती, आणि स्कूटीवर तो घेता आलाही नसता. सासूबाईंना मी नीट समजावलं होतं. फोन आला तर नाव आणि नंबर विचारायचा, कुणाकडून तरी लिहून ठेवायचा, आणि फी किती ते सांगायचं. त्या व्हय म्हणाल्या होत्या. फोन तर पुष्कळ यायचे, कारण मी परत आले की तो तापलेला असायचा. पण नावं मिळायची नाहीत. कुणाचा होता म्हटलं की त्या सांगायच्या, असाच होता, चुकून लागला असंल.

एके दिवशी जालना रोडकडच्या एका गावचा माणूस मोसंबीची गोणी घेऊन फाटकात उभा राहिला. मला बघून त्याचा चेहरा पडला. म्हणाला, आजी नाहीत का? आजींनी हौदाचं सांगितलं होतं, फार गुण आला. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि मग सगळं बाहेर आलं. महिनाभर माझ्या सासूबाई फोनवर सल्ला देत होत्या. फुकट. मन लावून. माझे सगळे लेख त्यांना तोंडपाठ होते, कारण मी ते त्यांनाच वाचून दाखवले होते. त्यात त्यांनी स्वतःची भर घातली होती. तुरटी फिरवा म्हणून सांगायच्या, हौद शनिवारी धुऊ नका म्हणायच्या. आणि हौद केवढा बांधावा, असं कुणी विचारलं तर सगळ्यांना आमच्याच हौदाची मापं द्यायच्या. पुढच्या माणसाचं अंगण रुमालाएवढं असो की वावराएवढं, माप एकच. त्या मापानं खणत खणत एकजण थेट शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत पोहोचला होता, हे मला नंतर त्या शेजाऱ्याकडूनच कळलं.

सगळ्यांत जास्त बोलणं चालायचं ते शहराच्या जुन्या भागात राहणाऱ्या एका खालांशी. त्यांनी पहिल्यांदा टाकीतल्या पाण्याला वास येतो म्हणून फोन केला होता. वास गेला, पण फोन येतच राहिले. दोघी एकाच वयाच्या, दोघींचे नवरे गेलेले, आणि दोघींचीही सून कामावर जाणारी. सासूबाई त्यांना आपा म्हणायच्या. त्यांची हिंदी म्हणजे मराठीला हिंदीचं बोट लावलेलं. आपा, ढक्कन का काठ उंचा करने का, नायतर पावसाचं पाणी अंदर जाता, असं काहीतरी चालायचं, आणि तिकडून खाला मराठीत उत्तर द्यायच्या. हौदावरून बोलणं अंबाडीच्या भाजीवर जायचं, तिथून गुडघ्यांवर. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मोसंबीवाला गेल्यावर मी सासूबाईंना फार बोलले. आवाज चढवून बोलले. कुणासाठी चाललंय हे सगळं, असं विचारलं. हे घर सुटू नये म्हणून मी उन्हात स्कूटी हाकतेय आणि तुम्ही घरी बसून तेच फुकट वाटताय. त्या ऐकून घेत होत्या. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की त्यांच्या वडिलांच्या मळ्यात विहीर होती. दुष्काळात गावातल्या काही विहिरीवाल्यांनी हंड्याला पैसे लावले. वडिलांनी लावले नाहीत. पाण्याचा पैसा घेतला की झरा बुजतो, असं ते म्हणायचे, आणि त्यांच्या विहिरीवर शेवटपर्यंत कुणालाही अडवलं नाही. ही हकीकत माझ्या नवऱ्यानं लहानपणी इतक्या वेळा ऐकली होती की तो कुठल्या हॉटेलात पाण्याची बाटली विकत घेतानाही ओशाळतो. मीही ऐकली होती. पण तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं.

मी म्हटलं, "मी पाणी विकत नाही, आई. सल्ला विकते."

"सल्ला पाण्याचाच हाय ना?" त्या म्हणाल्या. "मग तेच की."

दुसऱ्या दिवसापासून मी फोन पर्समध्ये टाकून बरोबर न्यायला लागले. स्कूटी बाजूला घेऊन, हेल्मेट काढून फोन घ्यायचा, हे मला जमायला लागलं. फी आधी सांगायची, मग पुढचं बोलायचं, हेही जमायला लागलं. लोक पैसे द्यायला लागले. सगळे नाहीत, पण बरेच. एकदा पैसे दिले की ते सांगितलेलं खरंच करायचे, हा मला लागलेला नवा शोध होता. फुकट ऐकलेलं लोक कानाआड करतात. सासूबाईंना मी हे मुद्दाम सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि हो म्हणाल्या.

घर मात्र शांत झालं. दुपारी मी परत यायचे तर त्या फ्रिजकडं पाठ करून डाळ निवडत बसलेल्या असायच्या. खालांचा फोन आता माझ्याकडं यायचा. आईंना द्या ना, असं त्या म्हणायच्या, आणि मी तेव्हा कुठल्यातरी गच्चीवर टाकीच्या शेजारी उभी असायचे. घरी गेल्यावर लावून देते, असं म्हणायचे आणि कधी द्यायचे, कधी राहून जायचं. उन्हाळ्यात फाटकाशी ठेवायच्या रांजणात सासूबाई रोज सकाळी पाणी भरायच्या, वाळा टाकायच्या, आणि रस्त्यावरून जाणारं कुणी पाणी प्यायला थांबलं की त्याच्याशी जरा जास्तच वेळ बोलत राहायच्या.

उन्हाळा संपत आला तरी कमी पडणारा पैसा पूर्ण जमत नव्हता. बराचसा जमला होता, आणि तेच जास्त वाईट होतं. एका संध्याकाळी जेवण झाल्यावर नवरा म्हणाला, आता कंपनीला उत्तर द्यायला हवं, आठवडा उरलाय. त्यानं पुण्यात घरही पाहून ठेवलं होतं. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेलं, मुलीची शाळा जवळ. तो आईला समजवायच्या आवाजात म्हणाला, की तिथं नळाला चोवीस तास पाणी असतं, तुला काही भरून ठेवावं लागणार नाही.

"मग म्या दिवसभर काय करू?" सासूबाई म्हणाल्या.

आम्ही हसलो. त्याही हसल्या. पण ताटं उचलायला त्या उठल्या तेव्हा आधी पिंपाचं झाकण उचलून आत पाहून आल्या, आणि ते आम्ही दोघांनीही पाहिलं.

दोन दिवसांनी आमचा पाण्याचा दिवस होता. पाणी सकाळी अकराच्या सुमारास सुटलं. पाण्याच्या दिवशी मी बाहेरची कामं घेत नसे, कारण सुटलेलं पाणी पाहुण्यासारखं असतं, त्याच्यापुढं घरच्या माणसाला उभं राहावं लागतं. हौद भरत होता, मोटर चालू होती, आणि मी गच्चीवर टाकीचं झाकण उघडून पाइप धरून उभी होते. हात ओले म्हणून फोन खाली फ्रिजवर ठेवलेला. टाकी भरत आली तशी मोटर बंद करायला मी जिन्यानं खाली यायला लागले, आणि मधल्या वळणावर फोन वाजला. सासूबाईंनी उचलला. बोलण्यावरून कळलं की खाला होत्या. काही दिवसांत बोलणं झालं नव्हतं, म्हणून आधी थोडं गुडघ्यांचं झालं. मग खालांनी हौदाचं काहीतरी विचारलं असावं, कारण सासूबाईंनी झाकणाबद्दल सांगितलं, आणि फुटलेला तुकडा सिमेंटनं कसा बुजवायचा तेही सांगितलं. अगदी नीट, घाई न करता. आणि मग त्या थांबल्या.

त्यांनी आवाज एकदम खाली आणला. उसने मागताना बायका आणतात तसा.

"आपा," त्या म्हणाल्या, "एक बोलनेका था. ह्याची फी असती. म्हणजे... सगळ्यांनाच असती. तुमालाच नाय."

तिकडून खाला काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. सासूबाई नुसत्या व्हय, व्हय म्हणत होत्या. त्यांनी फीचा आकडा सांगितला. तो बरोबर होता. महिनाभर माझ्या तोंडून ऐकून तोही त्यांना पाठ झाला होता. कुठं पाठवायचे ते नातवाला विचारायला सांगा, नातवाला समजंल, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी फोन ठेवला, आणि ठेवल्यावरही त्यावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

मी जिन्यात उभी होते. माझ्या मागं गच्चीवरून टाकी वाहायला लागली होती आणि पाणी पायऱ्यांवरून घरंगळत खाली येत होतं. आमच्या घरात आजवर कधी पाणी असं वाया गेलं नव्हतं. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा मी तिथं आहे हे त्यांना कळलं. त्यांना राग आला नाही, लाजही वाटल्यासारखी दिसली नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"घेतली म्या फी," त्या म्हणाल्या. "आपा देते म्हणली. आता तरी राहता येईल ना गं इथं?"

मी हो म्हटलं. नवऱ्याला विचारलं नाही, काही जुळवून पाहिलं नाही. मी त्यांना धरलं, आणि माझे हात ओले होते म्हणून त्यांचं लुगडं भिजलं. मी रडले, त्या रडल्या नाहीत. मोटर बंद कर आधी, एवढंच म्हणाल्या.

मोटर बंद केली. मग खालांना फोन लावला आणि पैसे पाठवू नका म्हणून सांगितलं. खाला म्हणाल्या, तुझ्या सासूला फी मागायला किती जड गेलं ते माझ्या कानांना कळलं, म्हणून मी एकदम हो म्हटलं. जेवणं झाल्यावर मी ब्लॉगचं ते पान उघडलं आणि बदललं. घरी येऊन जागा बघायची आणि नकाशा काढून द्यायची फी तशीच ठेवली, थोडी वाढवलीही. फोनवरच्या सल्ल्यापुढचा आकडा खोडला आणि तिथं लिहिलं, फुकट, आजींशी बोला. फोन उचलून फ्रिजवर ठेवला. सासूबाई होत्या तोवर तो तिथंच राहिला. फुकटच्या त्या फोनांमधून निम्मी तरी माणसं पुढं मला घरी बोलवायची, पण हे मला त्या दुपारी माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी फरक पडला नसता.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. अंगण अजून ओलं होतं. मी पायरीवर उभी राहून त्याला सांगितलं की आपण जात नाही आहोत, शेंद्र्याच्या माणसाला उद्या हो म्हण. पैसे पूर्ण जमले का, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. मग झालं काय, असं त्यानं विचारलं.

"आईंनी फी घेतली," मी म्हटलं.

तो बूट न काढता तिथंच पायरीवर बसला. आत सासूबाई नातीला भाकरी कुस्करून देत होत्या. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि पुण्याला येत नाही म्हणून कळवलं.